पुढच्या ब्रेकची भीती

महाराष्ट्रात मोटारसायकल शिकवण्याचं काम मामा, थोरला भाऊ किंवा गल्लीतला मित्र करतो. जागा म्हणजे शाळेचं मैदान नाहीतर गावाबाहेरचा कच्चा रस्ता, आणि वेळ फार तर दोन-तीन संध्याकाळ. क्लच हळू सोड, गिअर असा टाक, गाडी बंद पडली तर घाबरू नको, एवढं सांगून झालं की शेवटी एक ताकीद दिली जाते. ती मात्र अगदी गंभीरपणे दिली जाते: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, लावलास तर तोंडावर पडशील. ही ताकीद बापाकडून मुलाकडे चालत आली आहे. लाखो माणसं आजही उजव्या हाताची बोटं त्या लिव्हरपासून लांब ठेवून, सगळी भिस्त उजव्या पायावर टाकून गाडी चालवतात, आणि आपण सावधपणे चालवतो असं मनापासून समजतात.

आपल्याकडच्या दुचाकी अपघातांमागे खड्डे आहेत, उलट्या दिशेने येणारी वाहनं आहेत, दारू आहे, हेल्मेटचा कंटाळा आहे. यातलं काहीच खोटं नाही. पण या यादीत एक कारण कधी येत नाही, कारण ते मान्य करणं अपमानास्पद वाटतं. आपल्याला गाडी पळवता येते, पण ऐन वेळी थांबवता येत नाही आणि चुकवताही येत नाही. जे येतं त्यालाच आपण 'गाडी येते' म्हणतो, परवाना खिशात घालतो आणि पुढची चाळीस वर्षं एकही नवी गोष्ट न शिकता रस्त्यावर काढतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली जवळजवळ पंचेचाळीस. महाराष्ट्रात सगळ्या वाहनांचे मिळून त्या वर्षी पंधरा हजारांवर बळी गेले. हेल्मेट न घातलेल्या मृतांची देशातली संख्या ५०,०२९ होती. त्यांत गाडी चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. हेल्मेटसक्तीला विरोध करणाऱ्या पुण्यासारख्या शहरांनी हा शेवटचा आकडा शांतपणे पुन्हा वाचावा. तरीही हेल्मेट कामाला येतं ते माणूस पडल्यावर. पडण्याच्या आधीचे जे दोन सेकंद असतात, त्यांच्याबद्दल आपल्याकडे चर्चाच होत नाही.

हे दोन सेकंद मी अंदाजाने म्हणत नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांचा अभ्यास केला. तोही पोलिसांचे कागद वाचून नव्हे, अपघाताच्या जागी जाऊन, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा मोजून, गाड्या तपासून. १९८१ साली प्रसिद्ध झालेला तो अहवाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. धोका उभा राहिल्यापासून टक्कर होईपर्यंत चालकाच्या हातात बहुतेक वेळा दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ होता, असं त्यांना आढळलं. त्या वेळात चालकांनी काय केलं? मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून मागचं चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा लावलाच नाही. हँडल वळवून धोका चुकवणं तर जवळपास कुणालाच साधलं नव्हतं. आणि अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच्या मनाने किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. लॉस एंजेलिसमध्येही मामा आणि थोरला भाऊच होते तर.

मागचा ब्रेक एकटा का पुरत नाही, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. गाडीचा वेग कमी होऊ लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे सरकतं. पुढचं शॉकअप दबतं, पुढचा टायर रस्त्यावर घट्ट बसतो, आणि मागचं चाक हलकं होत जातं. ब्रेक जितका जोरात, तितकं मागचं चाक अधिक हलकं. ज्या चाकावर वजनच उरलं नाही त्याची रस्त्यावर पकड कुठून राहणार? ते लॉक होतं, फरफटतं, गाडीचं शेपूट डाव्या-उजव्या बाजूला फिरू लागतं आणि घाबरलेला चालक पाय आणखी जोरात दाबतो. थांबवण्याची खरी ताकद त्या क्षणी पुढच्या चाकात असते, आणि नेमकं तेच चाक वापरायचं नाही असं आपल्याला शिकवलेलं असतं.

हिशेब करून बघा. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण १८ मीटरमध्ये थांबू शकते. फक्त मागचा ब्रेक वापरला तर तिला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून थोडं अधिक अंतर लागतं. फरक वीसेक मीटरचा. रस्त्यात आडवा आलेला माणूस जिवंत राहणं आणि न राहणं या वीस मीटरमध्ये ठरतं.

वेगाचा हिशेब याहून भयंकर आहे. समजा दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ६०ने आणि एक ८०ने. दोघांना एकाच क्षणी समोर काहीतरी दिसलं, दोघांनी एकेक सेकंदात ब्रेक लावला, दोघांचे ब्रेक सारखेच चांगले आणि दोघंही तितकेच तरबेज. पहिली गाडी सुमारे ३५ मीटरवर पूर्ण उभी राहील. दुसरी गाडी त्याच ठिकाणी पोचेल तेव्हा तिचा वेग अजून ताशी ६०च्या वर असेल. कारण विचार करण्यातच तिने २२ मीटर खाल्ले, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वीस किलोमीटरने काय फरक पडतो असं म्हणणाऱ्या प्रत्येक तरुणाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. दहावीच्या विज्ञानाच्या पलीकडे त्यात काही नाही.

मग ती ताकीद आली कुठून? तिला आधार नाही असंही नाही. पुढचा ब्रेक घाबरून एकदम आवळला तर चाक लॉक होतं आणि पुढचं चाक घसरलं की सावरायला संधी नसते. खडीवर, चिखलात, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर, वळणात गाडी झुकलेली असताना तो आवळणं धोक्याचंच आहे. आपले रस्ते अनेक वर्षं कच्चे होते; वाळू, माती, शेण, बैलगाडीची चाकोरी यांतून गाडी काढावी लागायची. अशा रस्त्यावर कुणीतरी पडलं, त्याने पुढच्याला सांगितलं, आणि अनुभवाचा अर्धाच भाग नियम म्हणून राहिला. 'पुढचा ब्रेक आवळू नको' हे बरोबर होतं. त्याचं 'पुढच्या ब्रेकला हात लावू नको' झालं आणि घात झाला. लिव्हर आधी हलकेच घ्यायची, वजन पुढे येऊ द्यायचं, शॉकअप दबल्याचं हाताला जाणवलं की मग दाब वाढवत न्यायचा, एवढी ही कला आहे. ऐकायला सोपी वाटते. पण आयुष्यात ती पहिल्यांदा करायची वेळ एसटीच्या पुढून धावत आलेल्या पोराच्या समोर आली तर ती कुणालाच जमणार नाही. हात तेच करतो जे त्याला सवयीने माहीत आहे, आणि आपल्या हाताला काहीच माहीत नसतं.

यंत्र आपल्यासाठी हे करेल अशी एक आशा आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली. निर्णय उत्तम होता. पण रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांमध्ये शंभर-सव्वाशे सीसीचीच गर्दी आहे, त्यांतल्या बहुतेकींना एबीएस नाही, आणि जुन्या गाड्यांना यातलं काहीच नाही. ज्यांच्याकडे एबीएस आहे त्यांनाही ते चालू झाल्यावर लिव्हरला हातात धडधड जाणवते. ती कधी अनुभवलेली नसेल तर माणूस दचकून ब्रेक सोडून देतो. सुटलेल्या ब्रेकने कुठलंही यंत्र गाडी थांबवू शकत नाही.

आता परवान्याकडे येऊ. आपल्याकडे दुचाकीच्या परवान्याची चाचणी म्हटली की डोळ्यांपुढे आठचा आकडा येतो. पाय न टेकवता, संथ वेगात, आठ काढून दाखवायचा. आठचा आकडा निरर्थक नाही. संथ गतीत तोल, क्लच आणि नजर यांचा मेळ त्यात दिसतो. पण माणसं मरतात ती आठ काढताना मरत नाहीत. जपानमध्ये मोठ्या मोटारसायकलच्या परवान्यासाठी ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ मीटर लांब पट्टीवरून किमान दहा सेकंद घेत, म्हणजे मुद्दाम हळू, गाडी न्यावी लागते. शंकूंमधून नागमोडी काढावी लागते. आणि ताशी ४० किलोमीटर वेगावरून, रस्ता कोरडा असेल तर ११ मीटरच्या आत गाडी थांबवून दाखवावी लागते. ब्रिटनमध्ये २००९ पासून परवान्याच्या पहिल्या भागात ताशी ५० किलोमीटर वेगावर अचानक ब्रेक लावणं आणि त्याच वेगात अडथळा चुकवणं अशा दोन स्वतंत्र परीक्षा आहेत. हर्ट यांना अपघातात सापडलेल्या माणसांमध्ये ज्या दोन गोष्टी सापडल्या नाहीत, त्याच या दोन. तिकडे त्या न जमणाऱ्याला रस्त्यावर येऊ देत नाहीत. इकडे त्या न जमणारा माणूस त्याच दिवशी बायको-मुलांना घेऊन महामार्गावर जायला मोकळा असतो.

थांबण्याइतकीच, कदाचित जास्तच मोलाची गोष्ट म्हणजे पाहणं. १९३०च्या दशकात लंडनच्या पोलिसांच्या गाड्यांचे अपघात फार वाढले तेव्हा हेंडन इथे पोलिसांसाठी चालक प्रशिक्षण शाळा काढण्यात आली. शर्यतीचा अनुभव असलेले लॉर्ड कॉटनहॅम यांनी तिथे एक पद्धत घडवली. तिच्यातून पुढे १९५५ साली 'रोडक्राफ्ट' हे पुस्तक निघालं, आणि मोटारसायकलसाठी त्याची वेगळी आवृत्तीही झाली. या सगळ्या पद्धतीचं सार एका नियमात आहे: आपल्याला जेवढा रस्ता मोकळा दिसतो आहे, तेवढ्यात आपल्या बाजूला थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. त्यासाठी वळणात कुठे बघायचं हेही ते शिकवतात. वळणावर रस्त्याची डावी आणि उजवी कड दूरवर जिथे मिळाल्यासारखी दिसते, तो बिंदू धरायचा. तो आपल्याकडे सरकतोय असं वाटलं तर वळण आवळत चाललं आहे, वेग कमी करा. तो आपल्याइतक्याच वेगाने पुढे सरकत असेल तर वेग बरोबर आहे. तो पळायला लागला की वळण उघडतंय.

हा नियम आंबेनळी घाटात, वरंध घाटात किंवा ताम्हिणीत पावसाळ्यात वापरून बघावा, म्हणजे त्याची किंमत कळते. तिथे वळणापलीकडे ताजी कोसळलेली दरड असू शकते, रस्त्यात बसलेली गुरं असू शकतात, धबधब्यासमोर फोटो काढायला मध्येच थांबलेली गाडी असू शकते, आणि समोरून अर्धा रस्ता खात येणारी बस तर असतेच. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, हे एकच वाक्य या सगळ्यांना पुरून उरतं. रात्रीच्या वेळी तर ते जीवनमरणाचं आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येकदा मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, ऊस बाहेर आलेला असतो. त्या ट्रॉलीवर मागून आदळून गेलेल्या तरुणांच्या बातम्या तिकडच्या जिल्हा पुरवण्यांत दर हिवाळ्यात येतात. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावला नाही हा गुन्हाच आहे आणि त्याला शिक्षा व्हायला हवी. पण दिव्याचा उजेड पोचतो त्यापलीकडचा वेग ठेवून जाणं म्हणजे डोळे मिटून चालवणं आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगितलंय का?

अर्थात परदेशी पुस्तकातलं सगळं जसंच्या तसं उचलायचं नाही. डाव्या वळणात लांबचं दिसावं म्हणून रस्त्याच्या मध्याकडे सरकावं असं तिकडे शिकवतात. आपल्या घाटांत समोरचा ट्रक मधली रेषा मानेलच याचा भरवसा नाही. तिथे दृष्टी थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण मध्यापासून दूर राहावं. असे फेरफार इथल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसांनीच करायचे आहेत. ते काम अजून झालेलं नाही. मराठीत हा विषय इथल्या घाटांच्या, इथल्या पावसाच्या, इथल्या एसटीच्या आणि ट्रॅक्टरच्या हिशेबाने शिकवणाऱ्या पुस्तकाची फार मोठी गरज आहे.

नजरेचा आणखी एक गुण आहे. गाडी जिकडे नजर तिकडे जाते. खड्ड्याकडे टक लावून बघणारा खड्ड्यातच जातो, कारण डोळे जिथे खिळतात तिथे खांदे आणि हात आपोआप वळतात. खड्डा दिसला की त्याच्या शेजारच्या मोकळ्या पट्टीकडे बघायचं, हे मनाविरुद्ध आहे आणि म्हणूनच शिकावं लागतं. हँडलचंही तसंच. वेगात असताना उजवीकडे वळायचं तर उजवीकडचं हँडल क्षणभर पुढे ढकलावं लागतं. त्याने गाडी उजवीकडे झुकते आणि वळते. प्रत्येक दुचाकीस्वार हे नकळत करतो. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट सायकलीच्या धंद्यातले. सायकलस्वारांना हे करत असूनही ते ठाऊक नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कॅलिफोर्नियात १९८० साली मोटारसायकलची शाळा काढणाऱ्या कीथ कोड यांनी तर एका गाडीला न वळणारं दुसरं हँडल बसवून घेतलं. ते धरून नुसतं अंग झुकवलं तर गाडी जवळपास सरळच जात राहते, हे विद्यार्थी स्वतः अनुभवतो आणि पुन्हा विसरत नाही. नकळत केलेली कृती शांत रस्त्यावर चालून जाते. घाबरलेला माणूस मात्र ती उलटी करतो, म्हणजे धोक्यापासून दूर जायला हँडल धोक्याच्या विरुद्ध दिशेने ओढतो आणि गाडी धोक्याकडेच झुकते. कळून केलेली, घोटलेली कृतीच त्या दोन सेकंदांत उपयोगी पडते.

इथे एक आक्षेप आहे आणि तो जड आहे. प्रशिक्षणाने अपघात खरंच कमी होतात का? २०१० साली कॉक्रन या संस्थेने मोटारसायकल प्रशिक्षणावरच्या जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, आणि अभ्यासांचा दर्जा इतका कमी निघाला की कुठलं प्रशिक्षण उपयोगी आहे हे ठामपणे सांगता आलं नाही. नॉर्वेचा अनुभव तर उलटाच आहे. तिथे नव्या मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे धडे सक्तीने दिले गेले. १९८०च्या दशकात त्याचा अभ्यास झाला तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढलेले दिसले. आपल्याला सावरता येतं अशी खात्री झाल्यावर ते बर्फावर जास्त वेगाने जाऊ लागले होते.

हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण माझ्या मते प्रशिक्षण कसं असावं याचं उत्तर त्यातच आहे. स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगर्सेन यांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिकाऊ चालकांच्या एका गटाला ब्रेक लावून अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच प्रसंगातून हे दाखवलं की अशा वेळी गाडी आपल्या हाताबाहेर किती सहज जाते. काही दिवसांनी तपासलं तर दोन्ही गटांचं प्रत्यक्ष कौशल्य सारखंच निघालं, पण पहिल्या गटाला आपण फार चांगले आहोत असं वाटत होतं. नुसता आत्मविश्वास वाढवणारं शिक्षण माणसाला मारू शकतं. ज्या शिक्षणात माणूस आपली मर्यादा स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, ५०वरून थांबायला आपल्याला खरोखर किती मीटर लागले हे मोजपट्टीने मोजतो आणि गप्प होतो, ते शिक्षण वेगळं. आपल्याकडे गाडी शिकणं हे विहिरीत ढकलून पोहायला शिकवण्यासारखं झालं आहे. तरंगायला आलं की पोरगं बाहेर येतं आणि आपल्याला पोहता येतं असं धरून पुराच्या नदीत उडी घेतं. नदी काय आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून 'ॲडव्हान्स ट्रेनिंग' म्हणजे वेगात चालवायला शिकणं, ही समजूत आधी मोडायला हवी. ही समजूत बळावण्याचं कारण उघड आहे. आज असं प्रशिक्षण बहुतेक करून महागड्या गाड्या घेणाऱ्यांना मिळतं. कंपन्या आपल्या ग्राहकांसाठी शिबिरं घेतात, हौशी मंडळी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर जाऊन शिकून येतात. ट्रॅकवर शिकण्यात वाईट काहीच नाही. ब्रेक, नजर, हँडल यांचा अभ्यास करायला त्याहून सुरक्षित जागा नाही. पण ट्रॅकवर समोरून गाडी येत नाही, गाय बसत नाही आणि वाळूचा ढीग पडलेला नसतो. शिवाय ज्यांना या शिक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे ते तिथे कधीच पोचणार नाहीत. रोज दहा-बारा तास पाठीवर पेटी घेऊन पुण्या-मुंबईत पार्सल पोचवणारी मुलं, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून पहाटे निघणारा गवळी, एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून झोपेच्या अंमलात घरी निघालेला कामगार, कॉलेजला स्कूटरने जाणारी मुलगी, गोव्यात काळी-पिवळी मोटारसायकल टॅक्सी चालवून पोट भरणारे पायलट. यांच्या गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या. यांना कुणी कधी काही शिकवलेलं नाही. पार्सलच्या कंपन्या त्यांच्या मिनिटांचा हिशेब ठेवतात. ब्रेकचा एक दिवसाचा वर्ग पगारी वेळेत घेणं त्यांना मुळीच अवघड नाही, आणि ते त्यांच्याकडून कायद्याने करून घ्यायला हवं.

बाकीच्यांसाठी पैसा ही अडचण नाही, हे ब्रिटनने दाखवून दिलं आहे. तिथे १९५६ साली इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स ही संस्था निघाली. तिच्या स्थानिक गटांत अनुभवी चालक स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी नवख्यांच्या मागोमाग गाडी चालवतात, थांबून चुका सांगतात, आणि तयारी झाली की तो माणूस परीक्षा देतो. सक्ती नाही, नफा नाही. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. सह्याद्रीत चढाई शिकवणाऱ्या गिर्यारोहण संस्था कित्येक वर्षं हेच करत आल्या आहेत. बेसिक कोर्स झाल्याशिवाय कुणी तुम्हाला कड्यावर पुढे जाऊ देत नाही, दोर बांधता येतो की नाही हे दहा वेळा तपासतात, आणि शिकवणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून येणारे स्वयंसेवक असतात. कड्यावर जो विवेक आपण दाखवतो तो रस्त्यावर का दाखवू नये? पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात मोटारसायकलस्वारांचे शेकडो गट आहेत. रविवारी पहाटे निघून घाटात नाश्ता करून परत येण्याइतकी ऊर्जा त्यांच्याकडे आहे. महिन्यातला एक रविवार त्यांनी आपल्या भागातल्या छोट्या गाड्या चालवणाऱ्यांना द्यावा. पुण्याजवळ भोसरीला चालक प्रशिक्षणाची मोठी संस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यात महाविद्यालयांची मैदानं आहेत. जागा नाही ही सबब चालणार नाही.

ज्याला कुणाची वाट बघायची नाही त्याने आजच सुरुवात करावी. मोकळं, सपाट, डांबरी किंवा सिमेंटचं आवार शोधा, जिथे माणसं आणि वाहनं नाहीत. सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या परवानगीने सुट्टीच्या दिवशी असं आवार मिळतं. टायरमधली हवा तपासा. हेल्मेट, हातमोजे, बूट, पूर्ण पँट घाला. सोबत एक माणूस ठेवा. ताशी २० वरून सुरुवात करा, खूण केलेल्या रेषेवर ब्रेक लावा, पुढचा ब्रेक हळू घेऊन वाढवत न्या, नजर समोर दूर ठेवा, गाडी सरळ आणि हँडल सरळ. किती अंतर लागलं ते मोजा. ते कमी-कमी होत एका जागी स्थिरावलं की मग ३०, मग ४०. स्कूटर असेल तर डावी लिव्हर मागची आणि उजवी पुढची. दोन्ही एकत्र घ्यायला शिका आणि थांबताना पाय घासत नेण्याची सवय मोडा, कारण दोन्ही पाय हवेत असलेली स्कूटर तोल सांभाळत नाही. मागे कुणी बसलं की थांबायला लागणारं अंतर आणि गाडीचा स्वभाव बदलतो, म्हणून तोही सराव वेगळा करा. पावसाळा सुरू होताना हे सगळं पुन्हा एकदा करा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिळून जो निसरडा थर होतो, त्यावर आपला हात किती हलका असायला हवा हे दरवर्षी नव्याने समजून घ्यावं लागतं. न वापरलेलं कौशल्य झिजतं, आणि पुढचा ब्रेक नीट लावण्याची वेळ रोज येत नसल्यामुळे हे कौशल्य फार लवकर झिजतं.

शेवटी मागणी सरकारकडे आहे, आणि ती नव्या कायद्याची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात परवान्याच्या चाचणीत उमेदवाराला काय करता आलं पाहिजे याची यादी दिलेली आहे. अचानक प्रसंगी वाहन थांबवता येणं, हे त्या यादीत आजही आहे. ते दुचाकीसाठी प्रत्यक्षात तपासायला सत्तर-ऐंशी मीटरची सरळ डांबरी पट्टी, रंगवलेली एक रेषा आणि मोजपट्टी घेऊन उभा असलेला एक निरीक्षक पुरतो. राज्याच्या परिवहन खात्याने प्रत्येक आरटीओच्या आवारात आठच्या आकड्याशेजारी ही पट्टी आखावी, आणि ताशी ४० किलोमीटर वेगावरून ठरलेल्या अंतरात गाडी उभी करून न दाखवणाऱ्या कुणालाही, तो कुणाचाही मुलगा असो, परवाना देऊ नये.